अफगाण कुटुंबातली तीन मुलं दवाखान्यात आली आहेत, तपासणी कुठून सुरू करू?

कोंढव्यातल्या एका तरुण फॅमिली डॉक्टरांचा प्रश्न, थोडक्यात: वडील पूर्वी पुण्यात शिकायला होते, मग काबूलला परतले. २०२१ मध्ये तिथली राजवट बदलली, त्यानंतर काही काळाने कुटुंब दिल्लीत आलं आणि आता चार महिन्यांपासून कोंढव्यात राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाचं कार्ड आहे आणि कॅनडात पुनर्वसन होईल अशी आशा आहे. थोरली पंधरा वर्षांची, मुलगा नऊचा, धाकटी चारची. लसीकरणाचं कार्ड फक्त मुलाचं आहे आणि त्यावरच्या तारखा कळत नाहीत. मुलाच्या गालावर कित्येक महिन्यांची न भरणारी जखम आहे. थोरलीचं पोट सारखं दुखतं. आईला फक्त दारी ही अफगाण भाषा येते, त्यामुळे सगळं भाषांतर हा नऊ वर्षांचा मुलगाच करतो. कुठल्या तपासण्या लिहून देऊ?

डॉक्टर, तपासण्यांची यादी देतेच, पण त्याआधी एक मनाशी पक्कं करा. ही मुलं तुम्हाला एकदा नाही, वर्षभर बघायची आहेत. निर्वासित मुलांचं बरंचसं दुखणं पहिल्या भेटीत सापडतच नाही. व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी ताप आणतो. टीबीचा संसर्ग झालेल्या लहान मुलाला प्रत्यक्ष आजार होतो तो बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन वर्षांत. झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, वर्गात गप्प बसून राहणं हे पळापळीच्या काळात दिसत नाही. घर मिळालं, दार लावून झोपता आलं, की मग ते वर येतं. आणि काही त्रास तर नव्या गावातच लागतात.

म्हणून पहिल्या दिवशी थोडंच करा आणि पुढच्या तारखा त्याच वेळी लिहून द्या: पंधरा दिवसांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. राहिलेल्या लशी पुऱ्या करायला तसेही सहा महिने लागतातच. त्याच तारखांना बाकीचं जोडून घ्यायचं.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश निर्वासितांना रीतसर वसवून घेतात. अमेरिकाही घ्यायची, पण २०२५ पासून तिथलं हे काम जवळजवळ थांबलं आहे. निघण्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी होते. अमेरिकेत पोचल्यावर ३० ते ९० दिवसांत पुन्हा सविस्तर तपासणी व्हावी, अशी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या देशांनी बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून जे शिकून ठेवलंय ते आपल्या फार कामाचं आहे. मात्र दरवर्षी असं पुनर्वसन वाट्याला येतं ते जगातल्या एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांच्या. २०२४ च्या अखेरीला जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं घर सोडायला भाग पडलेली होती आणि त्यांतली साधारण ४० टक्के मुलं होती. तुमच्याकडची तीन मुलं सहा महिन्यांत कॅनडाला जातील, सहा वर्षांनी जातील, कदाचित जाणारही नाहीत. तेव्हा ‘तिकडे गेल्यावर होईल सगळं’ या भरवशावर एकही गोष्ट मागे ठेवू नका.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे देशात आल्यावर यांची ठरवून आरोग्य तपासणी झाली असेल, असं धरून चालू नका. बहुधा पहिली तपासणी तुमचीच. जगण्याचा हक्क देणारं संविधानाचं कलम २१ फक्त नागरिकांना नाही, प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते स्पष्ट केलेलं आहे. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार तर भारताने १९९२ मध्येच स्वीकारला. महापालिकेच्या दवाखान्यात कोणी आधार कार्डावरून लस अडवली, तर शांतपणे पण ठामपणे बोला. आणि पुण्याला हे नवीन नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती जुने लोक अजून ‘पिंपरी कॅम्प’ म्हणूनच ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त होती.

आता दुभाषाचं. हे सगळ्यात आधी सोडवा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नऊ वर्षांच्या मुलाकडून भाषांतर करून घेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. माझ्या ओपीडीत एका आईला अंगावरून जास्त जात होतं आणि ते तिच्या मुलाने मला सांगावं अशी वेळ आली होती. आई खाली मान घालून बसली, मुलगा म्हणाला, ‘अम्मी ठीक है.’ पुढच्या भेटीला एक बाई दुभाषा म्हणून मिळाल्या तेव्हा कळलं, की या माउलीचं हिमोग्लोबिन सातच्या घरात आहे आणि सगळ्यात लहान लेकराला ती अजून पाजतेय. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच आहेत. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर कित्येक वर्षं ते इथे शिकायला येताहेत. त्यांच्यातली एखादी विद्यार्थिनी फोनवर अर्धा तास देते. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवा, नाव न सांगता बोला. यात एक फायदा असतो: ओळखीपाळखीचं माणूस समोर बसलेलं नसल्यामुळे घरातलं बोलायला संकोच कमी होतो. दुभाषी त्यांच्याच नात्यातली किंवा शेजारची नको. पश्तून आणि हजारा या दोन अफगाण समाजांच्या घरांमधला ताण काबूलमध्येच संपत नाही, म्हणून आधी आईला विचारून घ्या की हिच्याशी बोललेलं चालेल ना. बोलताना बघायचं आईकडे आणि मुलाकडे, फोनकडे नाही. वडिलांना हिंदी चांगली येत असेल, पण थोरलीच्या बाबतीत त्यांनाही बाहेर बसवावं लागेल. त्याकडे पुढे येते.

कार्डाचं कोडं सोपं आहे. तारखा हिजरी शम्सी, म्हणजे सौर पंचांगाच्या आहेत. वर्ष सुरू होतं २० किंवा २१ मार्चला, नवरोजच्या दिवशी. पहिल्या नऊ महिन्यांसाठी त्यांच्या वर्षात ६२१ मिळवा, शेवटच्या तीन महिन्यांसाठी ६२२ (दहाव्या महिन्याचे पहिले दहाएक दिवस डिसेंबरातच पडतात, तेवढे सांभाळा). अफगाणिस्तानात महिन्यांना राशींची नावं आहेत, त्यामुळे आपल्याला सोयीचं जातं: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, असद म्हणजे सिंह, असं क्रमाने मीनेपर्यंत. कार्डावर ‘१५ असद १३९५’ असेल तर ती ऑगस्ट २०१६ ची सुरुवात. वडिलांना सोबत बसवून एकेक तारीख इंग्रजी तारखेत उतरवून घ्या आणि मूळ कार्डाचा फोटो फाईलमध्ये ठेवा. पासपोर्टवर किंवा कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर ती अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता धरा. वाढीच्या तक्त्यावर मूल अगदी वेगळ्या जागी पडत असेल तर आईला विचारा, हा कुठल्या ऋतूत झाला, कुठल्या मुलाच्या पाठचा. वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढू नका. हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा दोन-दोन वर्षं इकडेतिकडे असू शकतं आणि त्या एका आकड्यामुळे मुलाची शाळेतली इयत्ता किंवा अर्ज अडकू शकतो.

लशींचा नियम एकच: लिहिलेला डोस धरायचा, तोंडी सांगितलेला नाही. नक्की माहीत नसेल तर द्या. एखादा डोस जास्त झाल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मधे दोन वर्षं गेली म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, जिथे थांबली तिथून पुढे. मुलाच्या कार्डावर गोवर दिसेल, पण ती बहुधा नुसती गोवराची लस असेल, रुबेला आणि गालगुंड त्यात नसेल. म्हणून या तिन्हींच्या एकत्र लशीचे, एमएमआरचे, दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने, थोरलीलाही आणि धाकटीलाही. सात वर्षांपुढच्या मुलांना बालकांची त्रिगुणी नाही चालत. एक टीडॅप (त्रिगुणीचंच मोठ्यांसाठीचं रूप), मग महिन्याने आणि सहा महिन्यांनी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). पाच वर्षांवर हिब या लशीची गरज नाही. हिपॅटायटिस बीसाठी आधी रक्त घ्या, मग त्याच भेटीत पहिला डोस द्या. रिपोर्टची वाट बघत बसू नका, पण क्रमही उलटू नका, कारण लशीनंतर काही दिवस हिपॅटायटिस बीचा एचबीएसएजी हा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह दिसू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलीला एचपीव्हीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचे) तीन डोस लागतात, चौदापर्यंत दोनच पुरले असते.

पोलिओवर जरा थांबते. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्त असं प्रमाणपत्र मिळालं. रानटी पोलिओ आज टिकून आहे तो अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत. म्हणून तिकडून आलेल्या मुलांचा पोलिओ डोस हा त्यांच्याइतकाच आपल्या पुण्याच्याही काळजीचा विषय आहे. आणखी एक बारकावा. एप्रिल २०१६ पासून जगभर तोंडी लशीतून टाइप दोन काढून टाकला आहे. अमेरिका त्यानंतरचे तोंडी डोस धरत नाही, इंजेक्शनची लस मागते. नऊ वर्षांच्या मुलाचे सगळे थेंब त्यानंतरचेच असणार. पुनर्वसन शेवटी कोणत्या देशात होईल ते आज सांगता येत नाही, म्हणून इंजेक्शनचे डोस घालून ठेवा.

महापालिकेच्या दवाखान्यात यातलं काय मोफत मिळतं ते वयावर आहे. चार वर्षांच्या धाकटीला पोलिओ, डीपीटी, गोवर-रुबेला मिळेल, थोरल्या दोघांना टीडी. बाकीचं विकत. पैसे कमी असतील तर आधी एमएमआर, टीडॅप, हिपॅटायटिस बी आणि पोलिओ. कांजण्या, टायफॉइड नंतर. ज्या शहरातून जगभर लशी जातात तिथे राहणारं मूल लशीवाचून राहू नये, एवढं आपण बघायला हवं.

एमएमआर आणि मॉन्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) यांची गाठ लक्षात ठेवा. दोन्ही एकाच दिवशी करा. लस आधी देऊन बसलात तर मॉन्टूसाठी निदान चार आठवडे थांबा, नाहीतर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे टोचलेल्या जागेचा फुगवटा १० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. बीसीजी या टीबीच्या लशीमुळे आली असेल असं म्हणून सोडून देऊ नका. दोन वर्षांवरच्या मुलांत परवडत असेल तर इग्रा ही रक्ताची चाचणी करा, त्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. पॉझिटिव्ह आलं तर छातीचा एक्स-रे, मानेच्या गाठी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं, हे सगळं बघून मगच प्रतिबंधक औषध. घरात कोणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न तीन वेगवेगळ्या भेटींत विचारा. पहिल्यांदा ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण टीबीचं नाव निघालं तर पुनर्वसनाचा अर्ज फेटाळला जाईल अशी भीती असते. त्यांना सांगा की उपचार झालेला टीबी आड येत नाही, न झालेला येतो.

मुलाच्या गालाबद्दल. काबूलमधून आलेलं मूल, चेहऱ्यावर एकच जखम, कडा उंच, मध्ये खपली, दुखत नाही, अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होऊनही भरत नाही, तर पहिला विचार त्वचेच्या लीशमॅनियासिसचा करा. काबूल हा जगातल्या त्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. सँडफ्लाय ही बारीक माशी चावल्याने तो पसरतो आणि होतो तो लीशमॅनिया ट्रॉपिका या परजीवीमुळे. तिथले लोक त्याला सालदाना म्हणतात, कारण ते वर्षभर टिकतं. आईला हा शब्द विचारून बघा, बहुतेक ती लगेच मान हलवेल. पुण्यात आपण सहसा हे बघत नाही, राजस्थानात बिकानेरच्या बाजूला मात्र सापडतं. गळवासारखं चिरून साफ करायला जाऊ नका. जखमेच्या मधून नाही, कडेतून स्लिट स्मिअर (बारीक छेद देऊन काढलेला नमुना) घ्यायला हवा आणि तो जिम्सा रंगाने बघायला सांगायला हवा, नुसता ‘पू कल्चर’ लिहून उपयोग नाही. ससूनच्या किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात तुमचं दोन ओळींचं पत्र देऊन पाठवा, पत्रात ‘काबूलमध्ये राहिलेला’ हे शब्द ठळक लिहा. आपोआप भरून येतं हे खरं, पण खड्डा कायमचा राहतो आणि शाळेत मुलं लांब बसतात. जखमेत इंजेक्शन देऊन ते लवकर आटोक्यात आणता येतं.

रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), हिपॅटायटिस बी, आणि शिसं. ताप असेल किंवा पाकिस्तानच्या सीमेवरून, जलालाबादच्या बाजूने आले असतील तर मलेरियाही. व्हायवॅक्स निघाला तर यकृतात दडलेला मलेरिया काढणाऱ्या प्रायमाक्विनच्या आधी जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करा, त्या भागात त्याची कमतरता आढळते. हिमोग्लोबिन कमी आलं तर लोह सुरू करा आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा. अफगाण घरांत लहान मुलंही जेवताना काळा किंवा हिरवा चहा पितात आणि त्याने लोह अंगी लागत नाही. सहा आठवड्यांनी आकडा हलला नाही आणि पेशी बारीकच राहिल्या तर थॅलेसेमिया मायनरसाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. आईवडील नात्यातले असण्याची शक्यता बरीच, ते विचारून ठेवा. जंतांसाठी अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅम एकदा, तिघांनाही. थोरलीची पाळी चुकलेली नाही ना, हे खात्री करून.

शिशाची तपासणी आपण इथल्या मुलांची क्वचितच करतो. पण या मुलांची नक्की करा, आणि धाकटीची तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. पुन्हा का, हे एका गोष्टीतून कळेल. २००० साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात सुदानी निर्वासित कुटुंबातली दोन वर्षांची मुलगी वसायला आल्यावर काही आठवड्यांतच शिशाच्या विषबाधेने गेली. शिसं तिने मायदेशातून आणलं नव्हतं. नव्या भाड्याच्या घराच्या जुन्या रंगाच्या पोपड्यांतून ते तिच्या पोटात गेलं होतं. निर्वासितांना शहरातली सगळ्यात जुनी, पडकी घरं मिळतात, हे तिथेही खरं आणि इथेही. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषून घेतं, म्हणून हे दोन रिपोर्ट नेहमी शेजारी ठेवून वाचा. अफगाण घरांत आणखी दोन जागा बघायच्या. एक सुरमा, जो तान्ह्या बाळालाही घालतात. दुसरी काझान, म्हणजे ॲल्युमिनियमचं जाड भांडं किंवा कुकर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात अफगाण मुलांच्या रक्तात शिसं का वाढतंय हे शोधताना अशा भांड्यांमधून ते अन्नात उतरत असल्याचं २०२२ मध्ये दाखवलं गेलं. आईला म्हणा, पुढच्या वेळी येताना सुरम्याची डबी घेऊन या, स्वयंपाकाच्या भांड्याचा फोटो काढून आणा. भांडं तिथूनच आणलेलं असेल तर स्टीलचा कुकर मिळवून द्या. सोसायटीत मागितलात तर दोन दिवसांत मिळेल. सीडीसीने २०२१ पासून दर डेसिलीटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वरचं मूल लक्ष ठेवण्याजोगं धरलंय. तेवढ्याला औषध लागत नाही, उगम बंद करणं हाच उपचार. ४५ च्या पुढे गेलं तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

दुसऱ्या देशांतून आलेली मुलं तुमच्याकडे आली तर यादी थोडी बदलते. पश्चिम किंवा मध्य आफ्रिकेतल्या मुलाला आयव्हरमेक्टिन देण्याआधी लोआ लोआ या जंताचा विचार करावा लागतो. सोमालियाच्या किंवा सुदानच्या मुलीच्या बाबतीत जननेंद्रियांच्या सुंतेबद्दल हळुवारपणे विचारावं लागतं. नेपाळमधल्या छावण्यांतून अमेरिकेत गेलेल्या भूतानी निर्वासितांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली, कारण वर्षानुवर्षं डाळ-भात आणि अंडी-मांस जवळजवळ नाहीच. बी-१२ वर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्या गटाने इतकं काम केलंय की पुण्याच्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको.

दात बघा, बहुतेकांचे किडलेले असतात. दृष्टी तपासा. ऐकू येण्याची तपासणी मात्र टाळू नका. स्फोटाच्या जवळ असलेलं मूल वर्गात उत्तर देत नाही तेव्हा बाई समजतात की भाषा कळत नाही, आणि कानाचा पडदा फाटलेला असतो.

आता थोरली. पंधरा वर्षांची मुलगी, सारखं पोट दुखतं, आणि तिला अजून कोणी एकटीला विचारलेलं नाही. तिला एकटीला भेटा. दवाखान्यातली नर्सताई खोलीत असू दे, बाई दुभाषी फोनवर असू दे, आई-वडील बाहेर. वडिलांना आधी सांगा की या वयाच्या प्रत्येक मुलीशी आणि मुलाशी तुम्ही थोडा वेळ असंच बोलता, मग त्यांना ते परकं वाटत नाही. तिला सुरुवातीलाच सांगा की तिने सांगितलेलं तुमच्यापाशी राहील, पण कोणी तिच्या अंगाशी काही केलं असेल किंवा तिच्या जिवाला धोका असेल तर तुम्हाला पुढे कळवावं लागेल. पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलांच्या बाबतीत ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे न सांगता सगळं बोलून घेणं आणि मग कळवणं, यात तिचा विश्वास कायमचा जातो.

काय घडलं ते विचारू नका. आज काय होतंय ते विचारा. झोप किती वाजता लागते, मध्ये जाग येते का, जेवण जातं का, पाळी नियमित आहे का, दिवसभर काय करतेस, कोणाशी बोलतेस. जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. पोटाच्या बाकीच्या कारणांसाठी लघवी, शौच, गरज पडली तर सोनोग्राफी करा, पण एका भेटीत भारंभार नको. चौदा वर्षांपुढच्यांसाठी सिॲटलमध्ये निर्वासितांकरताच तयार झालेली आरएचएस-१५ ही पंधरा प्रश्नांची चाळणी आहे, ती वापरायला सोपी आहे. गरज दिसली तर ससूनच्या मानसोपचार विभागात पाठवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वडिलांना हिंदीत वापरता येईल.

माझ्या अनुभवात या मुलींना गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग शाळेचा होतो. २०२१ पासून अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद आहेत. ही मुलगी सातवीला जायच्या आधीच घरी बसली असणार, दिल्लीतही तसेच दिवस गेले असणार, आणि आता पंधराव्या वर्षी तिला कोणत्या वर्गात घालायचं ते कोणालाच कळत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत दोन खोल्यांत धाकट्या बहिणीला सांभाळणं, एवढंच तिचं आयुष्य. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला आहे, त्यामुळे तिच्या भावाला वयानुसार वर्ग मिळायलाच हवा आणि वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला त्याला नाकारता येत नाही. तिला राष्ट्रीय मुक्त शाळेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देता येईल का ते बघा. कागदपत्रांसाठी तुमचं पत्र लागलं तर द्या. कोंढव्यात शिकवण्या घेणारी एखादी निवृत्त शिक्षिका शोधा. पोटदुखीच्या कागदावर उपचार म्हणून ‘शाळा’ असं लिहायला मला कधी संकोच वाटलेला नाही.

आईचं हिमोग्लोबिन, आईची झोप, आईचा चेहरा हेही तपासणीतच धरा. ती खचलेली असेल तर धाकटीचं वजन वाढणार नाही. वडील शिकलेले असून मिळेल ते काम करत असतील, तर त्याचाही राग घरात कुठेतरी निघतो. धाकटीचा दंडाचा घेर मोजा: साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती तीव्र कुपोषित. उलटंही होतं. वर्षभरात बिस्किटं, कुरकुरे, शीतपेयं यांनी पोट सुटतं, म्हणून वाढीचा तक्ता प्रत्येक भेटीला भरा.

पैशांचं: सरकारी विमा योजना रेशनकार्ड किंवा अधिवासावर चालतात, त्यामुळे त्यांचा भरवसा धरू नका. मोठं काही निघालं तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याशी स्वतः फोनवर बोला. कुटुंबाला चिठ्ठी देऊन पाठवलं तर ते दारातूनच परत येतात. आणि व्हिसा, कार्ड यांचे फोटो तुम्हाला उपचारासाठी लागत नसतील तर मागू नका.

शेवटी फाईल. प्रत्येक मुलाची वेगळी, इंग्रजीत, छापील. लशीचं नाव, तारीख, बॅच क्रमांक, मॉन्टूचा आकडा मिलिमीटरमध्ये, नुसतं ‘निगेटिव्ह’ नाही, टीबीचं प्रतिबंधक औषध सुरू केलं असेल तर कुठलं, कधीपासून, किती डोस झाले, शिशाचे दोन्ही रिपोर्ट, वाढीचा तक्ता. एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, फोटो वडिलांच्या आणि आईच्या दोघांच्या फोनमध्ये. निघायची तारीख बऱ्याचदा आठवडाभर आधी कळते आणि तेव्हा तुम्हाला भेटायला कोणाला सवड नसते. म्हणून फाईल प्रत्येक भेटीच्या शेवटी पुरी करून हातात द्यायची. टीबीचं औषध चालू असेल तर प्रवासाच्या आणि पोचल्यानंतरच्या दिवसांसाठी एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या बांधून द्या, आणि त्या थांबवायच्या नाहीत हे आईला तिच्या भाषेत सांगून घ्या. उद्या सकाळी मात्र पहिलं काम दुभाषी मिळवण्याचं आणि गालाच्या स्मिअरचं.